एका बाल्कनीत सहा बेसिल: बी पेरण्यापासून ताटापर्यंत

नर्सरीत जाऊन ‘बेसिल द्या’ म्हटलं की हातात काय पडेल याचा नेम नाही. कुठे सब्ज्याचं रोप मिळतं, कुठे कापूर तुळस, तर कुठे ‘इटालियन तुळस’ अशी चिठ्ठी खोचलेलं भलतंच काही. खरं तर ही सगळी ऑसिमम या एकाच वंशातली झाडं आहेत, त्यामुळे नर्सरीवाला खोटं बोलत नसतो. पण पास्त्यासाठी आणलेल्या पानाला कापराचा वास आला की सगळा बेत फसतो. म्हणून आधी काय रांधायचं ते ठरवा आणि मग बी आणा. रोप घेणार असाल तर एक पान बोटांत चुरडून वास घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. चिठ्ठीपेक्षा नाक जास्त खरं सांगतं.

कोणती लावायची

जेनोव्हीज हे पेस्तोचं, म्हणजे पानं वाटून केलेल्या इटालियन चटणीचं, बेसिल. इटलीतल्या लिगुरिया प्रांताचं हे पीक, तिथल्या ‘बाझिलिको जेनोव्हेजे’ला २००५ पासून युरोपीय संघाचं संरक्षित नाव आहे. पानं फुगीर, कडा खाली वळलेल्या, वास गोडसर आणि मागे लवंगेची हलकी झाक. पाकिटावर ‘इटालियन लार्ज लीफ’ लिहिलेलं असलं तरी चालेल, ते याच्या जवळचंच. सगळ्यांत नाजूकही हेच: थंडी, अतिपाऊस, बुरशी, सगळ्याचा पहिला फटका याला बसतो.

थाई बेसिल, म्हणजे तिकडचं होरापा. खोड जांभळं, पानं निमुळती आणि जाडसर, वास बडीशेपेचा. शिजवताना टिकतं, त्यामुळे ग्रीन करीत किंवा ‘फो’ या व्हिएतनामी नूडल सूपच्या वाडग्यात हेच पडतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात जेनोव्हीज मान टाकतं तेव्हाही हे बऱ्यापैकी उभं असतं. नवख्याने पहिलं रोप याचंच लावावं.

लेमन बेसिलला गवती चहाची आठवण करून देणारा वास येतो, कारण दोन्हींत सिट्रल हे लिंबासारख्या वासाचं द्रव्य असतं. इंडोनेशियात याला केमांगी म्हणतात आणि सांबाल या मिरचीच्या चटणीबरोबर पानं कच्चीच खातात. पानं बारीक, झाड लवकर तुऱ्यावर येतं, त्यामुळे कात्री हातात ठेवावी लागते.

जांभळ्या बेसिलमध्ये ‘डार्क ओपल’ आणि झालरीच्या पानांचं ‘पर्पल रफल्स’ ही जुनी, नावाजलेली वाणं. चवीला जेनोव्हीजपेक्षा डावं, पण व्हिनेगरमध्ये याच्यासारखा रंग दुसऱ्या कशाला येत नाही. सावलीत ठेवलं तर हिरवट पडतं.

सब्जा तर घरात असतोच. फालुद्यात पडतो तो सब्जा म्हणजे बेसिलचंच बी. किराणा दुकानातला चमचाभर पेरला की बहुतेक वेळा उगवतो, आणि चार पैसेही खर्च न करता पेरणीचा सराव होतो. पानांचा वास मात्र जेनोव्हीजपेक्षा उग्र. सॅलडमध्ये थोडी चालतात, पेस्तोत नकोत.

सहावी आपली तुळस. थायलंडचा प्रसिद्ध ‘फाट कप्राव’ ज्या पानांत परततात ती वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने आपल्या तुळशीचीच जात, फक्त तिथलं वाण वेगळं. वृंदावनातल्या तुळशीला स्वयंपाकासाठी हात लावणं बऱ्याच घरांत चालत नाही, काही तिथींना तर पान तोडायचंच नाही असा रिवाज असतो. अशा घरांत स्वयंपाकासाठी वेगळी कुंडी ठेवा, कुणाचंच मन दुखावत नाही.

आणखी एक नाव कानावर पडेल: आफ्रिकन ब्लू. कापराच्या वासाची एक जात आणि डार्क ओपल यांचा हा संकर. याला बी धरत नाही, त्यामुळे कुणी याचं ‘बी’ विकत असेल तर घेऊ नका. फांदीवरूनच करावं लागतं. खाण्यापेक्षा फुलांसाठी आणि मधमाश्यांसाठी लावावं असं झाड आहे. मरवा आणि पानांचा ओवा मात्र यात धरू नका. कुटुंब तेच, वंश वेगळा.

एकदम सहाच्या सहा लावायचा मोह होतो. तो आवरा. पहिल्या हंगामात थाई, जेनोव्हीज आणि सब्जा एवढी तीन पुरेत.

कधी आणि कुठे

बी रुजायला मातीत २१ ते २७ अंश तापमान लागतं. पुणे-मुंबईकडे पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर, ही पहिली पेरणी. दुसरी फेब्रुवारीत. जूनमध्ये पेरलं तर रोपं पावसात कुजतात. विदर्भात एप्रिल-मेसाठी ५० टक्के सावलीची हिरवी जाळी आधीच आणून ठेवा. नाशिक किंवा महाबळेश्वरच्या थंडीत रात्रीचा पारा १० अंशांखाली गेला की जेनोव्हीजची पानं काळी पडतात. अशा रात्री कुंडी घरात घ्यावी.

ऊन रोज किमान सहा तास हवं. पूर्वेची बाल्कनी उत्तम. पश्चिमेची असेल तर मार्चनंतर दुपारी जाळी ओढा. उत्तरेच्या बाल्कनीत झाड मरत नाही, पण काडीसारखं लांबत जातं, दोन पानांमधलं अंतर वाढतं आणि वास फिका पडतो. तिथे खताने काही साधत नाही, उजेडच लागतो.

पेरणी

एका ग्रॅममध्ये साधारण ६०० बिया असतात, त्यामुळे छोटं पाकीटही दोन-तीन हंगाम पुरतं. नीट कोरड्या डब्यात ठेवलेलं बी चार-पाच वर्षं उगवतं. विकत घेताना पाकिटावरची पॅकिंगची तारीख बघा.

चहाच्या कागदी कपांना तळाशी तीन भोकं पाडा. निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि निम्मं चाळलेलं गांडूळखत भरा, वरून पाणी शिंपडून ओलं करा आणि मग प्रत्येक कपात चार-पाच बिया लांब लांब टाका. दोन-तीन मिनिटं थांबून जवळून बघा: काळ्या बीभोवती निळसर पांढरा बुळबुळीत पापुद्रा फुगलेला दिसेल. बी जिवंत आहे की नाही ते यावरून कळत नाही, पण ओल पोचली एवढं नक्की कळतं. या पापुद्र्यात बी ओल धरून ठेवतं, म्हणून वर जेमतेम ३ ते ५ मिलिमीटर मिश्रण भुरभुरा. बोटभर खोल गाडलेलं बी वर येत नाही. झारीने पाणी ओतलं तर बिया एका कोपऱ्यात गोळा होतात, फवाऱ्याने द्या.

पाच ते दहा दिवसांत कोंब दिसतात. कोंब दिसले त्याच दिवशी कप उजेडात आणा. ‘अजून लहान आहे’ म्हणून आत ठेवलेली रोपं दोन दिवसांत लांबून आडवी पडतात. मातीलगतचा देठ बारीक, पाणचट होऊन रोप कोलमडत असेल तर ती बुरशी. कारण जवळजवळ नेहमी एकच असतं, जास्त पाणी आणि कोंडलेली हवा. गेलेली रोपं काढून टाका, कप वाऱ्यावर ठेवा, वरचा थर सुकू द्या. मिश्रणात किलोमागे ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) आधीच मिसळलं तर हा त्रास कमी होतो.

पहिली जी दोन गोलसर पानं येतात ती बीदलं. खऱ्या पानांच्या दोन-तीन जोड्या आल्या, म्हणजे साधारण तीन-चार आठवड्यांनी, की रोप हलवायचं.

कुंडी आणि माती

एका रोपाला ८ इंची कुंडी. तीत साधारण ४ लिटर मिश्रण मावतं. १२ इंची ग्रो बॅगमध्ये तीन रोपं बसतात, पण एकाच वाणाची, कारण जोमदार थाई शेजारच्या जेनोव्हीजला झाकून टाकतं. दोन भाग बागेची माती, दीड भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेलं शेणखत, अर्धा भाग जाड वाळू. काळी माती असेल तर वाळूचा पूर्ण एक भाग घ्या, नाहीतर निचरा होत नाही. कोकोपीटची वीट भिजवल्यावर दोनदा पाणी बदलून पिळून घ्या. त्यातलं मीठ राहिलं तर पानांच्या कडा करपतात, आणि लोक ते ऊन लागल्याचं लक्षण समजून कुंडी सावलीत नेतात.

रोप संध्याकाळी लावा, दोन दिवस सावलीत ठेवा, मग हळूहळू उन्हात. पाणी सकाळी, मातीला, पानांना नाही. बोट दोन पेरं आत खुपसून बघा: कोरडं लागलं तर द्या, ओलं लागलं तर नका देऊ. उन्हाळ्यात रोज लागेल, डिसेंबरात दोन-तीन दिवसांनी. दुपारी पानं मलूल दिसली तर घाबरू नका, संध्याकाळी सावरतात. सकाळीही मलूल असतील आणि माती ओली असेल तर मुळं कुजत आहेत. तेव्हा आणखी पाणी म्हणजे झाडाला मारणंच.

खताचा उत्साह नको. दर तीन आठवड्यांनी मूठभर गांडूळखत पुरतं. युरियासारखं नत्र भरपूर दिलं की पानं तळहाताएवढी होतात पण वास पाणीदार होतो.

शेंडा खुडणं

बाकी सगळं जेमतेम जमलं तरी चालेल, हे मात्र नीट जमायला हवं. बहुतेकांची बेसिलं रोगाने जात नाहीत, न कापल्याने किंवा चुकीच्या जागी कापल्याने जातात.

खोडाकडे बघा. ते चौकोनी असतं आणि पानं समोरासमोर जोडीने येतात. प्रत्येक पान जिथे खोडाला चिकटतं त्या बेचक्यात तिळाएवढी दोन पानं दुमडून बसलेली असतात. ती उद्याची फांदी. वरचा शेंडा शाबूत असेपर्यंत ती झोपलेली राहते. शेंडा गेला की त्याच्या खालच्या जोडीतल्या दोन्ही फांद्या जाग्या होतात. एकाचे दोन, दोनाचे चार.

रोप १५ सेंटिमीटर झालं आणि पानांच्या चार जोड्या दिसल्या की खालून दुसऱ्या जोडीच्या अर्धा सेंटिमीटर वर कात्रीने कापा. अर्धं रोप उडाल्यासारखं वाटतं, जीव हळहळतो, पण कापा. दोन-तीन आठवड्यांत दोन फांद्या येतील. त्या प्रत्येकीवर तीन जोड्या झाल्या की पहिल्या जोडीच्या वर पुन्हा कापा. दोन महिन्यांत आठ-दहा शेंड्यांचं गुबगुबीत झुडूप तयार होतं. पहिली कापणी सोडली तर एका वेळी झाडाचा तिसरा हिस्सा काढा, त्याहून जास्त नाही.

सगळ्यांत जास्त दिसणारी चूक म्हणजे लागतील तशी खालची मोठी पानं ओरबाडणं आणि शेंडा ‘वाढू दे’ म्हणून जपणं. मोठी पानं ही झाडाची चूल आहे, ती काढून टाकल्यावर वर एक लांब काडी आणि टोकाला चार पानं उरतात. भाजीसाठी दोनच पानं हवी असली तरी शेंडाच खुडा.

तुरा दिसला की तो दोन पानांसकट काढा. फुलं धरली की नवी पानं लहान आणि कडवट येतात, खोड लाकडासारखं होतं. लेमन बेसिल दर आठवड्याला तुरे काढतं, थाई जरा कमी. थाईची फुलं खाता येतात, त्यांना पानांपेक्षा तीव्र वास असतो. झाड साधारण पाच-सहा महिने भरात राहतं. त्यानंतर ते ओढत नेण्यापेक्षा नवं करावं.

नवं करायला बी कशाला? कापलेला १० सेंटिमीटरचा, तुरा नसलेला शेंडा घ्या, खालची पानं काढा, पेल्यात खोडाची दोन पेरं पाण्यात बुडतील असा ठेवा. पाणी दर दोन दिवसांनी बदला, पेला उजेडात पण थेट उन्हात नको. एक ते दोन आठवड्यांत पांढरी मुळं येतात. ती बोटाच्या दोन पेरांएवढी झाली की कुंडीत. परदेशातल्या मराठी मंडळींना सुपरमार्केटात मिळणारी बेसिलची कुंडी आठवडाभरात माना टाकते, ती एकाच कुंडीत भरमसाट रोपं दाटीने वाढवल्यामुळे. आणल्या दिवशीच मातीचा गोळा हलक्या हाताने चार भागांत सोडवून वेगवेगळ्या कुंड्यांत लावा, वरचा तिसरा हिस्सा कापा, महिनोन्‌महिने टिकते.

काय बिघडतं

मावा आणि पांढरी माशी पानांच्या खाली बसतात. जोराच्या पाण्याने धुवा. तीन दिवसांनी पुन्हा दिसली तर लिटरभर पाण्यात ५ मिली नीमतेल आणि चार थेंब भांडी धुण्याचा साबण, सकाळी लवकर, पानांच्या खालून. फवारल्यावर आठवडाभर पानं खाऊ नका. पिठ्या ढेकूण कापसाच्या बोळ्याने पुसून काढा. तुळशीच्या शेंड्याची पानं चुरगळून बारीक ठिपके आणि काळी घाण दिसली तर तो जाळीदार पंखांचा छोटा ढेकूण. शेंडे कापून पिशवीत बांधून टाका, तेवढ्याने बरंच आवरतं. पावसात पानांना मोठी भोकं पडली तर रात्री विजेरी घेऊन बघा, गोगलगायच निघेल.

भीती बाळगावी असा रोग एकच, डाऊनी (डाऊनी मिल्ड्यू, म्हणजे केवडा). द्राक्षवाल्यांना हे नाव पाठ आहे, बेसिलवरची जात मात्र वेगळी. २००१ साली स्वित्झर्लंडमध्ये तो दिसला, २००७ मध्ये अमेरिकेत पोचला आणि तिथल्या बेसिल शेतीची धूळधाण केली. पान शिरांच्या चौकटीत पिवळं पडतं, त्यामुळे खताची कमतरता वाटते. पान उलटं करा. खाली राखाडी-जांभळट भुरका थर असेल तर खत नको, झाड उपटून पिशवीत बांधून कचऱ्यात. कंपोस्टात टाकू नका, वाऱ्याने पसरतो. जेनोव्हीजला जास्त लागतो, थाई आणि लेमनला कमी. पानं रात्रभर ओली राहणं हे त्याचं मूळ, म्हणून कुंड्यांत वीतभर अंतर आणि संध्याकाळी फवारा नाही. एकच फांदी अचानक वाकडी होऊन सुकली आणि खोडावर तपकिरी रेघ दिसली तर तो मर रोग. तो बियातून आणि मातीतून येतो, त्या कुंडीतली माती पुन्हा बेसिलला वापरू नका.

स्वयंपाकघरात

पानं सकाळी काढा. फ्रिजमध्ये ठेवली तर थंडीने काळी पडतात. कोथिंबिरीची सवय इथे चालत नाही. देठ पाण्यात बुडवून जुडी ओट्यावर ठेवा, चार-पाच दिवस ताजी राहते. वास उडून जाणारा असतो, म्हणून जेनोव्हीज नेहमी गॅस बंद केल्यावर.

पेस्तो चौघांच्या पास्त्याला: ५० ग्रॅम पानं (देठ काढून), १५ ग्रॅम चिलगोजे, लसणाच्या दोन बारीक पाकळ्या, ४० ग्रॅम किसलेलं परमेसान, ७० मिली ऑलिव्ह तेल, चिमूटभर जाड मीठ. चिलगोजे महाग वाटले तर काजू घ्या, बिघडत नाही. खलबत्त्यात आधी लसूण-मीठ, मग चिलगोजे, मग पानं मूठमूठ घालून कडेला घासत वाटा, शेवटी चीज आणि तेल. मिक्सरच वापरायचा तर भांडं पात्यांसकट २० मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा आणि थांबून थांबून फिरवा, कारण पात्यांच्या उष्णतेने रंग काळवंडतो. शाकाहारी घरांसाठी सूचना: अस्सल परमेसान जमवायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात. हिरवा ठिपका बघून चीज घ्या. आणि हा पेस्तो बाहेर ठेवू नका. तेलात बुडालेल्या लसणात बोटुलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचे जंतू वाढू शकतात. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस, त्यापुढे बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून.

कप्राव दोघांना: पाच पाकळ्या लसूण आणि तीन मिरच्या ओबडधोबड कुटा, चमचाभर तापल्या तेलात परता, २०० ग्रॅम चिकन खिमा किंवा मशरूम, मोठी आच, दोन चमचे फिश सॉस (शाकाहारात सोया सॉस), अर्धा चमचा साखर. शिजलं की मूठभर तुळशीची पानं, दोनदा हलवून खाली उतरवा. भाताबरोबर, वर कडक कडांचं तळलेलं अंडं.

लेमन बेसिल टोमॅटोच्या कोशिंबिरीत, काकडीत, वाफवलेल्या माशावर. जांभळी पानं २० ग्रॅम, पांढरं व्हिनेगर २५० मिली किंचित कोमट करून काचेच्या बाटलीत. काही तासांत गुलाबी छटा धरते, दोन आठवड्यांनी गाळा. सब्जा चमचाभर, अर्धा कप पाण्यात १५ मिनिटं भिजवूनच. कोरडा तोंडात टाकला तर घशात फुगून अडकतो, लहान मुलांना तर मुळीच देऊ नका.

पुढच्या वर्षीचं बी

चार वाणं शेजारी फुलली की मधमाश्या परागांची सरमिसळ करतात आणि जेनोव्हीजच्या बीतून अर्धवट थाई वासाची रोपं उगवतात. वाण राखायचं असेल तर एकाच झाडाचे दोन तुरे फुलण्याआधी ऑर्गन्झाच्या (पातळ, विरळ विणीच्या कापडाच्या) पिशवीत बांधा आणि फुलं आल्यावर रोज पिशवी हलक्या हाताने हलवा. बेसिल स्वतःच्या परागावर बी धरतं. तुरा तपकिरी झाला की कापून आठवडाभर कागदी पाकिटात सुकवा, तळहातावर चोळा, फोलपटं फुंकून टाका. पाकिटावर वाणाचं नाव आणि वर्ष लिहा. सब्जा, थाई, जेनोव्हीज, सगळ्यांच्या बिया काळ्याच असतात, नुसत्या बघून ओळखता येत नाहीत.